टॅरिफकाकूंची वर्गणी

टॅरिफकाकू पहिल्यांदा माझ्या क्लिनिकमध्ये आल्या त्या खांदा दाखवायला. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. रायपूरच्या समता कॉलनीतल्या माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये असे आखडलेले खांदे रोजचेच. कुणाला केस विंचरता येत नाहीत, कुणाला वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. काकूंची तक्रार वेगळी होती. त्यांना मत देता येत नव्हतं.

“मंडळाची आमसभा आली आहे तोंडावर,” त्या म्हणाल्या. “हात वर करून मतदान असते आमच्याइथं. मागच्या वेळी मी डावा वर केला तं अध्यक्षानं मोजलाच नाही. म्हणे, नियमात उजवा आहे. मी घरी जाऊन सगळे नियम वाचले. उजवा कुठंच नाही! पण वकील माणूस आहे तो. त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा खांदा दुरुस्त केलेला बरा.”

मग त्यांनी माझा दर विचारला. मी सांगितला.

“हा एका वेळेचा झाला. दहा वेळेचा?”

“तोच. गुणिले दहा.”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू खांदा त्यांचा नाही, माझाच आखडलाय. “मग दुसऱ्या वेळी मी काहून यावं? पहिल्याच वेळी थोडं बरं वाटलं तं माणूस घरी बसते. तुझे पेशंट अर्धवट सोडून जातात नं?”

जात होते. अर्ध्याहून जास्त जात होते, आणि मी त्याचं खापर रायपूरच्या लोकांच्या आळसावर फोडत होते. काकूंनी टेबलावर पडल्या पडल्या मला सगळं समजावलं. पहिल्या वेळेचा दर थोडा चढा ठेवायचा, विजेच्या नव्या जोडणीला आकार घेतात तसा. मग दर उतरत न्यायचा, म्हणजे मधूनच सोडणाऱ्याला आपलं काहीतरी राहून गेलं असं वाटतं. मी तसं केलं आणि पेशंट शेवटपर्यंत यायला लागले. काकूंना मात्र मी नवा उतरता दर लावायला गेले तर त्या रागावल्या. “मले जुनाच लाव. मी सांगायच्या आधी आली होती नं मी? बॅक डेटनं दर बदलत नसतात.”

आमची ओळख अशी झाली. त्यांचा हात मी वर उचलत होते, त्या “आई गं” म्हणत होत्या आणि त्या दोन “आई गं”च्या मधे त्यांनी मला बूढ़ापारा भागातल्या मराठी मंडळाची सभासद करून घेतलं. तेही साधी सभासद नाही. “नवीन माणूस म्हणजे तात्पुरतं कनेक्शन,” त्या म्हणाल्या. “लग्नाच्या मांडवाले देतो नं, तसं. दर जास्त, भरवसा कमी. वर्षभर टिकलीस तं तुले घरगुती करून टाकू.”

काकूंची सगळी नोकरी वीज मंडळात गेली होती. युनिटचा दर किती, कुणाला सवलत, कुणाला अधिभार, हे जिथं ठरतं त्या टॅरिफ विभागात. नाव तिथूनच पडलं. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्म करतात, गुडघे बदलतात. काकूंनी मंडळाचं खजिनदारपद घेतलं आणि विजेच्या दरपत्रकातून जगाकडे पाहणं चालूच ठेवलं. जे लोक कार्यक्रमात फक्त व्हिजिटिंग कार्ड वाटायला येत ते ‘व्यावसायिक’. कॉलेजची पोरं म्हणजे ‘शेतीपंप’, त्यांना फुकट. मंडळात आयुष्यात न आलेले, पण गणपतीच्या जेवणाला हमखास उगवणारे, ते ‘आकडा टाकणारे’. कुणाच्याही घरी गेल्या की बेल वाजवायच्या आधी त्या मीटर बघत. “तीन एसी चालून राहिले आहेत आतमधी,” जिन्यातच त्या मला कुजबुजत. “आता पाहजो, वर्गणीचं नाव काढलं की कसा रडते तो.” तो रडायचा. काकू शांतपणे चहा प्यायच्या, उठताना त्याच्या रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायच्या आणि निघायच्या.

त्यांची स्कूटर हा रायपूरच्या वाहतुकीचा स्वतंत्र अध्याय होता. उजवा इंडिकेटर कायम चालू. मी एकदा सांगितलं, “काकू, इंडिकेटर!” त्या म्हणाल्या, “असू दे. कधी नं कधी वळायचंच आहे.”

आता मुलाची बदली झाली आणि त्या त्याच्याबरोबर भोपाळला असतात. तिथल्या मराठी लोकांची मला काळजी वाटते.

लोकांना वाटायचं, काकू पैशाच्या मागे आहेत. तसं नव्हतं. मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं, की एवढा आटापिटा कशासाठी? आम्ही बूढ़ा तालाबाच्या काठानं चालत होतो. त्यांनी भेळेचा कागद चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाल्या, “घरी मी पोराले मराठीत विचारते, तो हिंदीत सांगते. सून बिलासपूरची, चांगली आहे बिचारी, तिच्याशी मीच हिंदीत बोलते. नातू तं ‘दादी, क्या बोल रही हो’ म्हणते. हे गेल्यापासून घरात माह्याशी मराठीत भांडणारं कोणी नाही. शनिवारी मंडळात गेली की दोन घंटे कोणीतरी भांडते. तेवढ्यावर माहा आठवडा निघते.” मग लगेच त्यांनी विषय बदलला. पण मला तेव्हापासून ते मंडळ वेगळं दिसायला लागलं.

तसं दिसण्यासारखं त्यात फार नव्हतं. एका गल्लीच्या तोंडाशी एक हॉल, समोर पाच-सहा पायऱ्या, पायऱ्यांवर कडुनिंबाची सावली. आत पुस्तकांची कपाटं, एक हार्मोनियम आणि शनिवारी संध्याकाळी जमणारी पंधरा-वीस माणसं. रेल्वेतून निवृत्त झालेले नागपूर-गोंदियाकडचे लोक आणि भोसल्यांच्या काळापासून इथं असलेली, मराठी बोलताना मधेच ‘हो’ला ‘हव’ म्हणणारी जुनी घराणी. या दोघांचं कशावरही एकमत होत नसे, म्हणूनच बहुधा शनिवार रंगायचा.

मंडळाचं खरं दुखणं होतं आजीव सभासद. फार पूर्वी हॉलवर छप्पर घालायला पैसे कमी पडले, तेव्हा तेव्हाच्या कार्यकारिणीनं एक युक्ती काढली. एकदाच एकशे एक रुपये द्या आणि जन्मभराचे सभासद व्हा. लोकांनी धडाधड पैसे दिले, छप्पर झालं, पेढे वाटले. छप्पर अजून आहे. ते एकशे एक रुपये मात्र त्याच वर्षी संपले, आणि सभासद काही संपले नाहीत. बरं, आपली माणसं अशी, की बापानं आजीव घेतलं म्हणजे घराण्यानं घेतलं, असा समज. सुना, नातवंडं, नातजावई, सगळे आजीव. दरवर्षी पैसे भरणारे उरले फक्त बदलीवर आलेले बँकवाले आणि माझ्यासारखी तात्पुरती कनेक्शनं.

“एकदाच पैसे घेऊन जन्मभर वीज देणारं मंडळ मले दाखव,” काकू म्हणायच्या. “एकदा भरलं की माणूस सुटते. त्याले पुन्हा कधी विचार करावा लागत नाही, की हे मले पाहिजे की नाही. वर्गणी म्हणजे काय? वर्षातून एक डाव त्याले विचारणं, बापा, येतोस नं अजून?”

पण हे शहाणपण त्यांना आधीच होतं असं समजू नका. आधी त्यांनी मंडळावर प्रयोग केले, आणि ते असे फसले की अजून लोक त्यांची नक्कल करतात.

पहिला प्रयोग स्लॅबचा. विजेसारखा, आणि कार्यक्रमाचे पैसे आजीवांनाही. वर्षातले पहिले दोन कार्यक्रम स्वस्त, पुढचे दोन थोडे महाग आणि त्यापुढचे चांगलेच महाग. कागदावर सुंदर दिसत होतं. झालं काय, की लोक दोन कार्यक्रमांना आले आणि तिसऱ्याला घरी बसले. पुस्तकांची कपाटं सांभाळणाऱ्या ग्रंथपालबाई, ज्या एकही कार्यक्रम चुकवत नसत, त्यांना सगळ्यात जास्त रक्कम भरावी लागली. त्या रडकुंडीला आल्या. “म्हणजे ज्याले मंडळ जास्त आवडते त्याले दंड?” काकू दोन दिवस हिशोब उलटसुलट करत बसल्या. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “चुकली मी. वीज लोकांनी कमी वापरावी म्हणून तो दर चढता असते. मंडळ कमी वापरावं असं मले कुठं वाटून राहिलं?” त्या ग्रंथपालबाईंच्या घरी गेल्या, जास्तीचे पैसे परत केले आणि जाताना मीटर न बघता परत आल्या. त्यांच्या दृष्टीनं ही फार मोठी माफी होती.

दुसरा प्रयोग मंजूर भाराचा. घरात जेवणारी तोंडं किती, त्यावर सणाच्या जेवणाची वर्गणी, आजीवांनाही. प्रत्येकानं आपला ‘लोड’ लिहून द्यायचा. रायपूरची सगळी मराठी कुटुंबं अचानक लहान झाली. कुणाचे दोघेच, कुणाचे अडीच. मग गुढीपाडव्याचं जेवण आलं. पुरणपोळीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत, आणि काकू हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या. रेल्वेतले एक गार्डसाहेब, भार तीन, आले ते सात जणांना घेऊन.

“भाऊ, तुमचा लोड तीन आहे,” काकू म्हणाल्या.

“अवो वहिनी, हे सासरचे आहेत, गोंदियाहून आले. पाहुणे!”

“पाहुणे असो की कूलर असो. जोडला की लोड वाढते.”

गार्डसाहेब चिडले, सासू रुसली, सासरे म्हणाले आम्ही हॉटेलात जेवतो. शेवटी काकूंनीच सासूबाईंचा हात धरून त्यांना पंगतीत बसवलं, स्वतः वाढलं आणि इतका आग्रह केला की सासूबाई चौथ्या पोळीला नाही म्हणता म्हणता हसायला लागल्या. त्या दिवशी काकू स्वतः जेवल्या नाहीत, पोळ्या संपल्या होत्या. “चोरीचा भार मंडळालेच सोसावा लागते,” डब्यातला चिवडा खात त्या मला म्हणाल्या. मंजूर भाराची पद्धत दुसऱ्या दिवशी बंद झाली.

या दोन प्रयोगांनंतर अध्यक्षांनी आपला पुतण्या आणला. मुलगा नवा रायपूरला एका कंपनीत मार्केटिंगमध्ये होता, हुशार आणि फार गोड. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत. त्यानं भिंतीवर चित्रं दाखवली. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. प्लॅटिनम सभासदाला पहिल्या रांगेत राखीव खुर्ची.

काकूंनी हात वर केला. उजवा, आणि पूर्ण वर. मला अभिमान वाटला.

“बेटा, आपल्या मंडळात पहिल्या रांगेत कोण बसते?”

“कौन, आंटी?”

“ज्यायले ऐकू येत नाही ते. त्यायले उठवून तिथं कोणाले बसवशील?”

पुतण्या हसला, पण हरला नाही. मग तो दराकडे वळला. वर्गणी पाचशे ठेवू नका, चारशे नव्याण्णव ठेवा, लोकांना कमी वाटतं, सगळीकडे असंच करतात. सगळ्या हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली. ती काकूंनी बोलून दाखवली. “आपल्यात एक रुपया वर ठेवून देतात रे बाबा. पाचशे एक. चारशे नव्याण्णव कोण देईल? लोक म्हणतील मंडळाच्या घरी काही वाईट झालं का?”

पुतण्या नंतर मला म्हणाला, “दीदी, ये आंटी को हमारी कंपनी में भेजो.” काकूंनाही तो आवडला होता. त्याला त्यांनी तात्पुरतं कनेक्शन दिलं.

पण हसण्यावारी न्यायचे दिवस संपत आले होते. हॉलचं वीजबिल थकलं होतं. मंडळाच्या खात्यात जे होतं ते गळक्या पाइपात गेलं. अशात एका कोचिंग क्लासनं मागणी केली, की हॉल आम्हाला द्या, आठवड्याचे सातही दिवस. भाडं चांगलं होतं. अध्यक्ष म्हणाले, आमसभेत ठरवू. वर्गणीतून मंडळ चालणार असेल तर ठीक, नाहीतर हॉल भाड्यानं जाईल आणि शनिवार बंद. अध्यक्ष वाईट नव्हते. त्यांना आकडे दिसत होते.

त्या वर्षीची आमसभा मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी होती. त्याच्या आदल्या दिवशी थकबाकीसाठी वीज तोडायला माणूस आला. शिडी लावली आणि वर बघता बघता त्याला दारात काकू दिसल्या. एकदम शिडीवरून उतरला. काकू नोकरीत असताना तो त्यांच्याच ऑफिसात होता.

“मैडम, आप? ये तो आप ही का है!”

“हो, आमचंच आहे. नोटीस मिळाली होती. काट दो.”

“मैडम, दो-चार दिन रुक जाता हूँ...”

“काहून? दुसऱ्यायचं थांबवलं होतं का आपण कधी? चढ वर.” आणि त्यांनी स्वतः शिडी धरली. तो वर चढला, तार काढली, खाली येऊन त्यांच्या पाया पडला. काकूंनी त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर मात्र त्या पायरीवर बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. मी शेजारी बसले. “घाम आहे,” त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी नऊ वाजताच हॉलची भट्टी झाली होती. पंखे नाहीत, माइक नाही. लोक कार्यक्रमपत्रिकांनी वारा घेत होते. हॉल भरला होता, कारण आमसभेत मतदान असतं आणि आजीव सभासद मतदान कधी चुकवत नाहीत. पहिल्या रांगेत मालगुजार आबाजी. घराण्याची मालगुजारी, म्हणजे गावांची जमीनदारी, त्यांच्या लहानपणीच संपली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं. नव्वदीच्या घरातले, ताठ, हातात काठी. छपरासाठी पैसे देऊन पहिलं आजीव सभासदत्व घेणारा माणूस, आणि तेव्हापासून मंडळात येणारा तो फक्त आमसभेला.

काकू उठल्या. त्यांनी ठराव मांडला: आजीव सभासदत्व बंद करा, सगळ्यांनी दरवर्षी भरा.

असा गोंधळ उडाला की बाहेरचे स्कूटरवाले थांबून बघू लागले. आबाजींनी काठी आपटली.

“सूनबाई,” ते काकूंना म्हणाले, “आजीव म्हणजे काय? जीव आहे तोवर. मी अजून जित्ता आहे. तुले दिसून राहिलो नं?”

“दिसून राहिले, आबाजी.”

“मग हिशोब संपला.”

अध्यक्षांनी नियमावली उघडली. वकिली आवाजात म्हणाले, “आबाजी बरोबर बोलत आहेत. दिलेलं आजीव सभासदत्व मंडळाला काढून घेता येत नाही. सभासदानं स्वतः सोडलं तरच ते जातं.”

“स्वतः सोडलं तं चालते?” काकूंनी विचारलं.

“चालतं.”

“मग मी सोडते. सासऱ्यायनं घेऊन दिलं होतं मले लग्नात. लिहून घ्या.”

अध्यक्ष गडबडले. “वहिनी, असं करू नका. नियमानं मग तुम्हाला या सभेत बसताही येणार नाही. सभासदच बसू शकतात.”

“हव. बरोबर आहे,” काकू म्हणाल्या. त्यांनी पर्स उचलली, पाण्याची बाटली उचलली आणि सगळ्या हॉलच्या देखत चालत बाहेर गेल्या. खजिनदारच निघून गेल्या होत्या. तेवढ्यात खिडकीत त्यांचा चेहरा दिसला.

“अध्यक्ष, नवीन सभासदाची वर्गणी किती? मले व्हायचं आहे.”

“तेच तर आज ठरायचंय, वहिनी.”

“मग ठरवा. मी थांबली आहे.”

आता आतल्या लोकांना दर ठरवणं भाग पडलं. आणि आम्हाला कळलं की आमच्यापैकी कुणालाच दर ठरवता येत नाही. एक म्हणाला तीनशे. खिडकीतल्या काकूंनी मान हलवली. दुसरा म्हणाला हजार. मान पुन्हा हलली. गार्डसाहेब म्हणाले, “वहिनी, तुम्हीच सांगा नं मग!”

“मी कशी सांगू? मी सभासद नाही,” खिडकीतून उत्तर आलं.

“अहो, पण मान तर हलवून राहिल्या!”

“माश्या आहेत.”

लोक हसायला लागले. आणि त्या हसण्यात ग्रंथपालबाई उठल्या. त्या सहसा बोलत नसत. “माझंही आजीव काढून टाका,” त्या अध्यक्षांना म्हणाल्या. “इथं फार उकडून राहिलं. बाहेर सावली आहे.” त्या गेल्या आणि काकूंच्या शेजारी पायरीवर जाऊन बसल्या. बाहेरून दोघींचं बोलणं ऐकू यायला लागलं, मग त्यांचं हसणं. गार्डसाहेब म्हणाले, “आपलंही काढा बापा,” आणि निघाले. त्यांच्यामागे त्यांची बायको. मग दोन रांगा एकदम. कुणी तत्त्वानं गेलं असेल, कुणी उकाड्यानं, पण गेले. अध्यक्ष नावं लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, “अहो, गणसंख्या राहिली नाही!” मग त्यांनी स्वतःचंही नाव लिहिलं, वही मिटली, घाम पुसला आणि आम्हा उरलेल्यांना घेऊन बाहेर आले. त्यांचा पुतण्या मागून म्हणाला, “चाचा, मी तर पहिलेच बाहेर होतो.” हे तो मराठीत म्हणाला. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

आत एकटे आबाजी राहिले. पाठ ताठ, काठीवर दोन्ही हात.

पायऱ्यांवर, सावलीत, तेव्हा कुणीच आजीव सभासद उरलं नव्हतं. नव्यानं व्हायला निघालेली माणसं होती. काकूंनी त्यांना विचारलं, “महागही वाटली पाहिजे आणि घरी गेल्यावर जडही नाही वाटली पाहिजे, अशी रक्कम सांगा. तुम्हीच सांगा. मी मान हलवणार नाही.” थोडी भांडाभांडी झाली, मराठीत, चांगली कडाक्याची. काकूंचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होता. शेवटी पाचशे एकवर गाडी थांबली. सगळ्यांना एकच दर. स्लॅब नाही, लोड नाही, प्लॅटिनम नाही, आणि आजीवही नाही. फक्त वर्षाचं, आणि ज्याचं त्यानं स्वतः येऊन भरायचं. शेतीपंपवाली पोरं फुकट, पण यायचं त्यांनीही. काकूंनी हॉलमधलं टेबल बाहेर आणवलं आणि पावतीपुस्तक काढलं. पहिली पावती त्यांनी स्वतःच्या नावानं फाडली.

रांग लागली. आतल्या गर्दीपेक्षा बाहेरची रांग लांब झाली होती. कुणी नातवाला फोन करून बोलावत होतं. अध्यक्ष मान खाली घालून बेरीज करत होते, आणि बेरीज वाढत होती तसा त्यांचा चेहरा उजळत होता. विजेचे पैसे तिथंच निघाले. मग पाइपाचेही. कोचिंग क्लासवाल्यांना काय सांगायचं, ते अध्यक्ष हळूच मला विचारायला लागले. मला इतका आनंद झाला की मी काकूंच्या दुखऱ्या खांद्यावर जोरात थाप मारली. त्या “आई गं” म्हणाल्या.

तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. आबाजी दारात उभे होते. सगळे बाजूला झाले. ते एकेक पायरी उतरत आले आणि काकूंच्या टेबलापुढे थांबले.

“एका वर्षाचं घेऊन राहिली का तू?”

“हो, आबाजी.”

“आणि मी मधीच गेलो तं?”

“पैसे परत नाही.”

कुणीतरी हसलं. आबाजी मात्र काकूंकडे रोखून बघत होते.

“आणि मंडळ मधीच गेलं तं?”

“तरी परत नाही,” काकू म्हणाल्या. “दोघायलेही वर्षभर टिकावं लागते.”

आबाजींनी सदऱ्याच्या आतल्या खिशात बराच वेळ चाचपडलं. मी मदतीला पुढे झाले तर त्यांनी हात झिडकारला. शेवटी पाचशेची नोट निघाली, आणि वरचा एक रुपया ग्रंथपालबाईंनी पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या खिशातून स्वतःचा काढून टेबलावर ठेवला.

काकूंनी पावती लिहायला घेतली. नाव लिहिलं, रक्कम लिहिली.

“तारीख मोठ्या अक्षरात लिहिजो सूनबाई,” आबाजी म्हणाले. “मले पुढल्या वर्षी यायचं आहे.”